निरोगी झाडाला ‘रोग’ म्हणताना

काबुली हरभऱ्याचा बीजोत्पादनाचा प्लॉट फुलावर आला की शेतभर पांढरी फुलं दिसतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘विराट’ असो की दुसरं कुठलं काबुली वाण, फूल पांढरंच. त्या पांढऱ्यात मध्येच एखादं झाड गुलाबी-जांभळं फुललेलं असतं. ते देशी हरभऱ्याचं. फूल येईपर्यंत ते शेजारणींत मिसळून गेलेलं असतं; खोडावरची जांभळट झाक ओळखणारी नजर असेल तरच आधी हाती लागतं. झाड उत्तम असतं. मर लागलेली नसते, अळीनं पान कुरतडलेलं नसतं, फांद्या भरपूर फुटलेल्या असतात. खायच्या हरभऱ्याच्या शेतात अशा झाडाकडे बघून मालकाला बरंच वाटलं असतं. पण बियाण्याच्या प्लॉटमध्ये ते दिसल्या दिवशी मुळासकट उपटून बांधाबाहेर टाकायचं असतं. या उपटण्याला इंग्रजी बीजशास्त्रात एक खास क्रियापद आहे. इंग्रजी बोलणाऱ्या सर्वसाधारण माणसालाही ते क्रियापद म्हणून सहसा ठाऊक नसतं, कारण त्याच्या ओळखीचा आहे तो नाम म्हणून वापरला जाणारा शब्द: लबाड, बदमाश. तो उच्चारी तसा देवनागरीत लिहिला की होतो ‘रोग’.

बियाण्याच्या शास्त्राचे इंग्रजी कागद मराठीत आणण्याचं काम जे करतात, त्यांच्यापुढे हा शब्द दर हंगामाला येतो. रूढ वाट अशी की ‘रोगिंग’ असं लिहून पुढे जायचं. पत्रकात तसंच छापलं जातं, प्रशिक्षणात तसंच बोललं जातं. परकीय शब्दांचं मला वावडं नाही. ट्रॅक्टर, ड्रिप, मल्चिंग, स्प्रे हे शब्द शेतात रुळले आणि कुणाचं काही बिघडलं नाही, कारण त्या जागी मराठीत आधी काही बसलेलं नव्हतं. ‘रोगिंग’चं तसं नाही. हा शब्द मराठीतल्या एका जुन्या, भरभक्कम शब्दाच्या डोक्यावर येऊन बसतो. वर काम करणाऱ्यापर्यंत तो तोंडोतोंडी पोचतो. अधिकाऱ्याकडून शेतकऱ्याकडे, शेतकऱ्याकडून मुकादमाकडे, मुकादमाकडून ओळीत उभ्या राहिलेल्या बायांकडे. या प्रवासात त्याचं इंग्रजी शेपूट गळून पडतं आणि उरतं ते ‘रोगाची झाडं काढायचीत’. मग हरभऱ्याच्या प्लॉटमधून पिवळी पडलेली, वाळलेली झाडं निघतात आणि गुलाबी फुलांचं टवटवीत झाड जागच्या जागी राहतं. माझं म्हणणं एवढंच आहे की ही चूक हाताची नसून शब्दाची आहे. आणि शब्द नेमका तिथेच दगा देतो, जिथे शास्त्राचा सगळा भार असतो.

या इंग्रजी शब्दाचा इतिहास थोडा पाहण्यासारखा आहे. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये तो माणसांना लावला जाई. ज्याला ठावठिकाणा नाही, मालक नाही, धंदा नाही, असा भटका माणूस. १५७२ च्या तिथल्या कायद्यात अशांना चाबकाचे फटके मारावेत आणि तापल्या लोखंडानं कान डागावा अशी तरतूद होती. कायद्याचा विशेष राग होता तो धट्ट्याकट्ट्या भिकाऱ्यांवर. लंगड्या-पांगळ्याला माफी, पण अंगानं धडधाकट असून ठरलेल्या जागी नसणारा तो गुन्हेगार. पुढे हाच शब्द कळपातून फुटलेल्या एकांड्या हत्तीला लागला आणि बियाणं पिकवणाऱ्या इंग्रज माळ्यांनी तो आपल्या वाफ्यातल्या चुकार झाडांना लावला. १८५९ साली डार्विननं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या पहिल्याच प्रकरणात या माळ्यांच्या बोलीची दखल घेतली आहे. त्याचा मुद्दा असा की एकदा वाण स्थिरावलं की हे लोक सर्वांत चांगली झाडं निवडत बसत नाहीत, नमुन्याशी न जुळणारी तेवढी उपटतात, आणि हीसुद्धा निवडच आहे. माणसाचा शब्द झाडाला लावणं निरुपद्रवी; उलट्या दिशेनं तोच विचार आला तर काय होतं, ते १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं या देशातल्या भटक्यांना दाखवलं. तो कायदा रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, पण नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही पारधी वस्तीवर विचारलं तर शिक्का पुसायला किती वर्षं लागतात ते कळेल. गंमत अशी की मराठीनं नेमका उलटा प्रवास केला आहे. ऊसपट्ट्यात लावणीच्या कांड्यांना ‘बेणं’ म्हणतात आणि लबाड माणसालाही ‘लई बेणं आहे’ म्हणतात. इंग्रजांनी बदमाशाचं झाड केलं, आपण बियाण्याचा बदमाश केला.

शास्त्रानं मात्र या क्रियापदातला सगळा राग काढून टाकला आहे. तिथे झाड चांगलं की वाईट हा प्रश्नच नसतो. प्रत्येक वाणाचं एक वर्णन पैदासकारानं लिहून ठेवलेलं असतं: उंची, पानाचा रंग, फुलाचा रंग, कणसाचा आकार, कुसळ आहे की नाही, फुलोऱ्याचे दिवस, दाण्याचं रूप. त्या वर्णनात न बसणारं झाड ते ‘निराळं’. ते वेळेत ओळखून प्लॉटबाहेर काढणं एवढाच या क्रियापदाचा अर्थ. १९६६ च्या बियाणे कायद्यानंतर देशात जी प्रमाणीकरणाची चौकट उभी राहिली, तिच्यात पैदासकार बियाण्यापासून पायाभूत, पायाभूतपासून प्रमाणित अशी उतरंड आहे. पहिल्याचं लेबल सोनेरी पिवळं, दुसऱ्याचं पांढरं, तिसऱ्याचं निळं. प्रत्येक पायरीला निराळ्या झाडांची मर्यादा ठरलेली आहे. गव्हात पायाभूत बियाण्याच्या प्लॉटला ०.०५ टक्के, म्हणजे दहा हजार ओंब्यांत पाच. प्रमाणितला ०.२० टक्के, म्हणजे हजारात दोन. पाच एकरांपर्यंतच्या प्लॉटमध्ये तपासनीस किमान पाच ठिकाणी थांबून मोजतो आणि मर्यादा ओलांडली असेल तर पीक कितीही जोमदार असो, बियाणं म्हणून नापास होतं. तो गहू मग बाजारात खायला विकायचा. हजारात दोन आणि हजारात तीन यांच्यामध्ये बियाण्याचा भाव आणि बाजारभाव यांच्यातला सगळा फरक उभा असतो. ‘निराळं’ या शब्दाचा अर्थ काम करणाऱ्याला नीट कळला की नाही, यावर शेतकऱ्याचा हंगाम असा अवलंबून राहतो.

खरी कसोटी लागते ती संकरित बियाण्यात. बाजरीचं संकरित बियाणं घ्यायचं तर मादी वाणाच्या काही ओळी आणि नर वाणाच्या काही ओळी अशी आळीपाळीनं पेरणी असते. मादी वाण नर-वंध्य असतं. त्याच्या कणसातून परागकोष बाहेर पडतात, पण ते पोकळ, सुकट. शेजारच्या नर ओळींतला पराग वाऱ्यानं येऊन बसला की तयार होतं ते संकरित बी. आता या मादी वाणाची बीजं टिकवायला तिचीच एक जुळी बहीण लागते. सगळ्या बाबतींत तशीच, फक्त तिला पराग येतो. तिचं एखादं बी मादीच्या पिशवीत गेलं तर उगवून आलेलं झाड कुणालाही ओळखता येत नाही. उंची तीच, पान तेच, कणीस तेच. कळतं ते थेट परागकोष बाहेर आल्यावर: शेजारणींचे फिके आणि सुरकुतलेले, हिचे भरलेले आणि पिवळे. सकाळी कणसाला बोटानं टिचकी मारली की तळहातावर पिवळी धूळ पडते. ती धूळ पडली म्हणजे खरं तर उशीरच झालेला असतो, कारण तीच धूळ तोवर आजूबाजूच्या कणसांवरही गेलेली असते. म्हणून फुलोऱ्याच्या दिवसांत रोज सकाळी ओळींतून फिरावं लागतं. नुसतं कणीस खुडून भागत नाही. बाजरीला फुटवे असतात, खुडलेल्या झाडाला आठ-दहा दिवसांनी दुसरं कणीस येतं आणि ते बघायला तेव्हा कुणी जात नाही. झाड मुळासकटच काढायचं. या सगळ्यात रोगाचा कुठे संबंध आहे? उपटायचं ते झाड शेजारणीपेक्षा एका अर्थानं अधिकच धड आहे. तिला येत नाही तो पराग त्याला येतो.

आणि संकराच्या या नर-मादी मूळ वाणांच्या प्लॉटमध्ये तर गोष्ट याहून अवघड. ही वाणं स्वपरागानं पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेली, त्यामुळे अंगानं किरकोळ. मागच्या पिढीत कुठून तरी परका पराग येऊन त्यांतल्या एखाद्या बीचा संकर झालेला असेल, तर ते झाड सगळ्यांत उंच, सगळ्यांत हिरवं, सगळ्यांत जाड कणसाचं निघतं. तेच उपटायचं. इथे शेतकऱ्याचा हात अडखळतो, आणि तो अडाणी आहे म्हणून मुळीच नाही. त्याच्या भाषेत बियाण्याचं एक जुनं क्रियापद आहे: बी धरणे. ज्वारीचं टपोरं कणीस, भोपळ्याचं पहिलं चांगलं फळ, मक्याचं भरगच्च कणीस बाजूला काढायचं, आढ्याला टांगायचं, राखेत घोळवून मडक्यात ठेवायचं. शेकडो वर्षं ही निवड धरण्याची होती: जे सरस ते ठेवा. डार्विनच्या माळ्यांचं क्रियापद याच्या बरोबर उलट बाजूनं येतं: जे जुळत नाही ते टाका, सरस असलं तरी टाका. दोन्ही मार्ग निवडीचेच, पण हातांना लागलेली सवय एकाची आहे. ज्या नजरेला पिढ्यान्‌पिढ्या मोठं कणीस दिसलं की आनंद झाला, तिला त्याच कणसावर हात टाकायला सांगायचं तर शब्द अगदी स्वच्छ हवा. तिथे आपण तिच्या हाती ‘रोग’ देतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की रोगट झाडंही काढायचीच असतात ना, मग थोडा घोटाळा झाला तर बिघडलं कुठे? आक्षेपात तथ्य आहे, आणि त्यामुळेच हा घोटाळा इतका टिकाऊ आहे. बाजरीचा गोसावी, म्हणजे कणसात दाण्यांच्या जागी हिरव्या पानांच्या जटा आलेलं झाड, प्लॉटमधून काढावंच लागतं. गव्हाची काणी तर बियाण्याच्या पोटातूनच पुढच्या वर्षी जाते. तिची मर्यादाही ठरलेली आहे, पायाभूतला ०.१० टक्के आणि प्रमाणितला ०.५० टक्के. इंग्रजी क्रियापदाच्या पोटात हे कामही येतं. पण या मर्यादा वेगळ्या का लिहिल्या आहेत? कारण शास्त्र या दोन गोष्टी वेगळ्या मोजतं. काणी कुणीही ओळखतो, काळी भुकटी लपत नाही. तिच्यासाठी कुणाला शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते निरोगी झाड काढायला. शब्दाचा जो अर्धा भाग सोपा आहे तेवढाच मराठीत पोचतो आणि अवघड अर्धा वाटेत सांडतो. अर्थ निम्मा बरोबर असण्याचं संकट हेच, की चूक पकडली जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक जाणत्यांचा. मराठीत ‘भेसळ काढणे’ हा शब्दप्रयोग आहे, कृषी खात्याच्या पत्रकांत तो कंसाबाहेर असतोही. मग तक्रार कशाची? ‘रोगिंग’पेक्षा तो शंभर पटींनी बरा, हे मान्य. तरी त्यातही एक खोच आहे. भेसळ म्हटलं की मराठी मनात दूधवाला येतो, तिखटात विटकर घालणारा येतो. भेसळ होत नाही, भेसळ कुणीतरी करतो. शेतात निराळं झाड दिसलं की हा शब्द बोट दाखवतो ते पिशवीकडे आणि पिशवी विकणाऱ्याकडे. कधी दोष तिथे असतोही. पण निराळं झाड येण्याच्या वाटा पुष्कळ. मळणीयंत्रात मागच्या शेतकऱ्याचे दाणे अडकलेले असतात. गेल्या हंगामात त्याच रानात गळालेलं बी यंदा आपोआप उगवतं. शेणखतातून बी येतं. वाणातच पूर्वीच्या संकराचे काही गुण दबून राहिलेले असतात, ते वेगळे होऊन बाहेर पडतात. क्वचित नवा बदलही होतो. आणि शेजारच्या शेतातून पराग येतो. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, असं आपण म्हणतो. बाजरीत, कांद्यात, सूर्यफुलात शेजारी बांधलं की वाणही लागतं. म्हणून तर पायाभूत बियाण्याच्या कांद्याला दुसऱ्या कांद्यापासून किलोमीटरभर विलग ठेवायला सांगतात. कांद्यात तर ‘भेसळ’ हा शब्द अगदीच लंगडा पडतो. नगर जिल्ह्यातल्या कांदेवाल्याला जोड कांदा, चिंगळी, जाड मानेचा कांदा आणि डेंगळा वेगळे सांगावे लागत नाहीत. खायच्या पिकात फुलाचा दांडा काढणारा डेंगळा म्हणजे नुकसान. बियाण्याच्या पिकात मात्र मातृकांदा जमिनीत लावायचा तोच मुळी दांडा यावा म्हणून. पण त्यासाठी कांदा निवडताना पहिल्याच वर्षी घाई करून दांडा काढलेले आधी बाजूला सारायचे, नाहीतर ती घाई बियातून पुढे जाते. यात भेसळ कुणी केली? कांदा आपल्याच जातीचा आहे, फक्त वर्णनाबाहेर वागला.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि तो शब्दावर नसून कामावरच आहे. निराळं ते उपटत राहिलं तर उरेल काय? नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यात, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, त्यासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या धानात तीन निराळ्या लोंब्या पाहिल्या. त्या उपटून फेकल्या असत्या तर एचएमटी हा तांदूळ झाला नसता. सारखेपणाची किंमतही देशानं मोजलेली आहे. १९६५ मध्ये एचबी-१ ही पहिली संकरित बाजरी आली, पाठोपाठ आलेल्या संकरांनाही टिफ्ट २३ए ही एकच अमेरिकी मादी होती, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गोसावीची साथ आली तेव्हा ती सगळी वाणं एकदमच खाली बसली.

हे पुरावे नाकारण्यासारखे नाहीत. पण त्यांचा रोख नीट पाहावा. बाजरीचा घात झाला तो एका प्लॉटमध्ये झाडं सारखी होती म्हणून झाला नाही. प्रांतोप्रांती, लाखो हेक्टरांवर एकच आई होती म्हणून झाला. प्लॉटमधली शुद्धता आणि शिवारातली विविधता या दोन निराळ्या पातळ्या आहेत. राहीबाईंच्या बँकेतही वालाची वाणं निरनिराळ्या मडक्यांत आहेत, एका पोत्यात नाहीत. एकत्र केली की बँक संपली. गावरान वाणाचं वर्णन सैल असतं, त्यात दोन-तीन रंगांचे दाणे मावतात, म्हणून तिथे ‘निराळं’ची हद्द लांब पडते, एवढंच. आणि खोब्रागडे यांनी काय केलं? त्यांनी त्या तीन लोंब्या ओळखल्या आणि बाकीच्या पिकातून वेगळ्या काढल्या. इथवर तपासनीसाचं काम आणि त्यांचं काम एकच आहे. त्यानंतर त्यांनी त्यांचं बी धरलं, वेगळं पेरलं, वर्षानुवर्षं वेगळं राखलं. मूळ धानात ती झाडं तशीच सोडली असती तर मूळ वाणही बिघडलं असतं आणि नवंही हाती आलं नसतं. उपटणं आणि धरणं ही वैरी क्रियापदं नव्हेत. दोन्हींच्या आधी लागते ती निराळं ओळखणारी नजर. शास्त्रालाही उपटलेल्या झाडांनी बरंच शिकवलं आहे. अनुवंशशास्त्रज्ञ बेटसन आणि कॅरोलिन पेल्यू यांनी १९१५ मध्ये वाटाण्याच्या अशाच चुकार झाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अरुंद टोकदार पानांची ती झाडं नेहमीच्या झाडांशी संकरली की पुढची संतती चुकारच निघे आणि पुढच्या पिढ्यांतही मूळ रूप परतत नसे. मेंडेलच्या हिशेबात हे बसत नव्हतं. पुढे १९५० च्या दशकात ब्रिंक यांना मक्यात तसलाच प्रकार सापडला, त्याला पॅराम्युटेशन हे नाव मिळालं आणि अनुवंशाचा एक नवाच दरवाजा उघडला. वाफ्यातून उपटलेल्या झाडाला प्रयोगशाळेत मानाची जागा मिळाली, तीही आधी कुणीतरी त्याला वेगळं काढलं म्हणूनच.

चौथाही एक आक्षेप ऐकू येतो, की शब्दाचा एवढा काथ्याकूट कशाला, प्रत्यक्ष झाड दाखवलं की काम भागतं. दाखवणारा रोज प्लॉटवर असेल तर भागतं. पण फुलोरा पंधरा-वीस दिवस चालतो, मजूर बदलतात, दाखवणारा दुसऱ्या गावच्या प्लॉटवर असतो. मागे राहतो तो शब्दच. अर्थात नवा, संस्कृतातून घडवलेला शब्द मला सुचवायचा नाही. ‘विजातीय-निष्कासन’ छापणाऱ्याला एकदा खुरप्यासकट ओळीत उभं करावं. पत्रकात एक साधं वाक्य लिहिलं तरी पुरे: ‘वाणाच्या वर्णनापेक्षा निराळं दिसेल ते झाड, चांगलं असलं तरी, मुळासकट उपटा आणि प्लॉटबाहेर न्या.’ रोगट झाडांसाठी त्याच्या खाली दुसरं वाक्य, स्वतंत्र. छापायच्या घाईत, जागा वाचवायला, ‘चांगलं असलं तरी’ हे तीन शब्द गाळले जातात. कातर तिथेच पहिली चालते, कारण वाचणाऱ्या संपादकाला ते भरतीचे वाटतात. उपटलेलं ते उंच हिरवं बाजरीचं ताट मात्र वाया जात नाही. बांधावरून ते गोठ्यात जातं आणि गाईला वाणाचं वर्णन ठाऊक नसतं.